ग्रँड कॅनियनचे फोटो सपाट का येतात, आणि काय केलं की येत नाहीत

लास वेगासहून पहाटे निघालेली एक दिवसाची बस टूर साउथ रिमला, म्हणजे दक्षिणेकडच्या काठाला, पोचते साधारण दुपारी, मॅदर पॉइंटवर सगळे उतरतात, रेलिंगला टेकून फोटो काढतात, दोन तासांनी परत बस. या फोटोंमधे दरी असते, आकाश असतं, आपण असतो, तरी काहीतरी राहूनच गेलेलं असतं. समोर दीड किलोमीटरच्या आसपास खोल खड्डा आहे आणि फोटोत तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा चपटा दिसतो. मग दोष फोनला दिला जातो. फोनची चूक नाहीये, वेळेची आहे.

खोली ही कॅमेऱ्याला कळत नाही, त्याला फक्त उजेड आणि सावली कळते. २१ जूनच्या आसपास ग्रँड कॅनियनवर दुपारी सूर्य जवळजवळ ७७ अंशांवर असतो, म्हणजे डोक्यावरच, प्रत्येक कड्याची सावली त्याच्याच पायाशी पडते आणि पुढचा सुळका कुठे संपला, मागची भिंत कुठे सुरू झाली हे कळायला फोटोत काही उरतच नाही. हाच सूर्य खाली आला की प्रत्येक धार आपली सावली मागच्या भिंतीवर टाकते आणि थर सुटे होतात. त्यामुळे या सगळ्या लेखाचं सार काय तर कॅनियनमधे सूर्य कुठे आहे यापेक्षा सावली कुठे पडतेय आणि त्या सावलीत कुठून उजेड येतोय हे बघायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

मी इथे मुख्यतः ॲरिझोनातलं साउथ रिम धरून लिहितोय कारण आपले बहुतेक लोक तिथेच जातात (मुला-मुलीकडे सहा महिने आलेले आई-बाबा घेऊन तर नक्कीच), आणि जोडीला पेज गावाजवळचं अँटिलोप कॅनियन (अरुंद घळ) आणि हॉर्सशू बेंड (नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण). युटातलं ओघात येईल.

आधी महिना ठरवा

जूनमधे शाळांना सुट्टी म्हणून गर्दी जास्त आणि फोटोला हाच महिना सगळ्यात कंटाळवाणा. आकाश कोरडं निळं, ढगाचा पत्ता नाही, दिवस लांबलचक आणि उन्हाचा कोन वाईट. जायचंच असेल तर सूर्योदय सव्वापाचच्या आसपास असतो, तेव्हा उठायची तयारी ठेवा.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे पण मॉन्सून असतो. आपल्यासारखी झड नाही, सकाळ स्वच्छ, दुपारी बारा-एकनंतर कापसासारखे ढग वर वर चढत जातात, तीन-चारला गडगडाट, आणि संध्याकाळी फाटलेल्या ढगांमधून तिरकं ऊन. आकाशाच्या फोटोंसाठी माझ्या मते हेच दिवस सगळ्यात भारी, फक्त विजेचा धोका खरा आहे, त्यावर पुढे बोलू.

हिवाळा लोकांना सुचतच नाही. डिसेंबरमधे भर दुपारी सूर्य जेमतेम ३० अंशांवर असतो, म्हणजे दिवसभर तिरका उजेड आणि लांब सावल्या मिळतात, हवा सगळ्यात स्वच्छ असते, आणि कड्यांच्या पायऱ्यांवर बर्फ बसला की थर रेघा मारल्यासारखे वेगळे दिसतात. साउथ रिम २,१०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे त्यामुळे थंडी चांगलीच वाजते, कानटोपी आणि बोटं उघडी राहतील असे ग्लोव्हज पाहिजेतच. नॉर्थ रिम त्याहून ३०० मीटर तरी उंच आहे, तो हिवाळ्यात बंदच असतो, आणि जुलै २०२५ च्या वणव्यात तिथला जुना लॉज जळून गेलाय, त्यामुळे तिकडचा प्लॅन करताना काय उघडं आहे ते पार्कच्या वेबसाइटवर बघूनच ठरवा.

मग घड्याळ आणि दिशा

घड्याळाचा घोळ आधी सांगतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं. ॲरिझोनाच्या आतच असलेला नावाहो लोकांचा प्रदेश पण करतो, पण त्या प्रदेशाला लागून असलेलं पेज गाव मात्र ॲरिझोनाच्याच वेळेवर चालतं. फोन टॉवर बदलला की आपोआप एक तास इकडचा तिकडे करतो आणि सूर्योदय किंवा टूरची वेळ हुकते. मार्च ते नोव्हेंबरमधे जात असाल तर फोनमधली ऑटोमॅटिक टाइमझोन सेटिंग बंद करून हाताने फिनिक्सची वेळ लावा, आणि नावाहो प्रदेशातल्या मॉन्युमेंट व्हॅलीत किंवा युटात शिरलात की मुद्दाम बदला.

आता दिशा. कॅनियन साधारण पूर्व-पश्चिम पसरलंय आणि साउथ रिमवरून आपण उत्तरेकडे बघत असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा उजेड दरीच्या लांबीतून वाहतो, म्हणजे आपल्याला आडवा, एका बाजूने येतो. हा फार मोठा फायदा आहे. पण सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. जूनच्या शेवटी तो तिथे पश्चिमेपासून जवळजवळ ३० अंश उत्तरेला सरकून मावळतो, म्हणजे दरीच्या बाजूलाच, आणि डिसेंबरमधे तेवढाच दक्षिणेला, म्हणजे आपल्या पाठीमागच्या जंगलात. मग हिवाळ्यात आपल्याच रिमची सावली समोरच्या जवळच्या भागावर लवकर पडते आणि लांबचे सुळके तेवढे उजळ राहतात. उन्हाळ्यात उलट, सूर्य सरळ फ्रेममधे घेता येतो. फोटोपिल्ससारखं ॲप घेऊन आदल्या रात्री हॉटेलवर बसून नकाशात तारीख टाका, रेघ कुठून जाते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कुठे उभं राहायचं

मॅदर पॉइंट सोयीचा आहे म्हणून प्रसिद्ध आहे. वाईट नाही, पण तिथून नदी फारशी दिसत नाही आणि सूर्योदयाला पाय ठेवायला जागा नसते.

संध्याकाळसाठी होपी पॉइंट. तो दरीत पुढे घुसलेला आहे म्हणून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्ही बाजूंना मोकळं दिसतं, कोलोरॅडो नदीचा तुकडापण दिसतो. तिथे जाणारा हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, पार्कची फुकट शटल बस घ्यावी लागते आणि सूर्यास्तानंतर परतीच्या बसला मोठी रांग लागते. या रांगेच्या भीतीने लोक सूर्य बुडायच्या आतच पळतात, तुम्ही पळू नका, शेवटच्या बसची वेळ थांब्यावर बघून ठेवा आणि निवांत राहा.

गाडी असेल आणि गर्दी नको असेल तर पूर्वेकडे डेझर्ट व्ह्यू रस्त्यावर जा, रिमवरच्या ग्रँड कॅनियन व्हिलेज या गावापासून टोकापर्यंत ४० किलोमीटर आहे. लिपान पॉइंट माझा सगळ्यात आवडता, नदीचं मोठं वळण दिसतं आणि सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही होतात. डेझर्ट व्ह्यूला मेरी कोल्टर या आर्किटेक्टबाईंनी डिझाइन केलेला १९३२ चा दगडी वॉचटॉवर आहे, २१ मीटर उंच, तो फ्रेमच्या एका कोपऱ्यात आला की दरीचं माप कळतं.

आणि गावातल्या ब्राइट एंजल ट्रेलच्या तोंडाशी कोल्ब स्टुडिओ आहे तो बघाच. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या दोन भावांनी १९०४ मधे तो बांधायला घेतला. खेचरांवर बसून खाली निघालेल्या पर्यटकांचा सकाळी फोटो काढायचा आणि परत वर आले की विकायचा असा धंदा. पण रिमवर डेव्हलपिंगला स्वच्छ पाणी नव्हतं, म्हणून फोटो काढलेली काचेची प्लेट घेऊन सव्वासात किलोमीटर खाली आणि जवळजवळ ९०० मीटर उतरून झऱ्यापाशी जायचं, तिथे प्लेट धुवायची आणि खेचरं वर यायच्या आत पळत वर. आपण शटल पाच मिनिटं उशिरा आली म्हणून कुरकुरतो.

बॅगेत काय

फार नाही लागत. सगळ्यात जास्त वापरली जाते ती ७०-२०० किंवा १००-४०० सारखी टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी. हे लोकांना पटत नाही, एवढी मोठी दरी म्हणून सगळे वाइड, म्हणजे जास्त पसारा मावणारी लेन्स लावतात. वाइड लेन्समधे समोरचं रेलिंग मोठं होतं आणि लांबचे महाकाय कडे बारीक होऊन जातात. टेलीने दरीतला एक तुकडा निवडता येतो, उजेडातला एक सुळका आणि मागे सावलीतल्या एकामागे एक पाच-सहा निळ्या रांगा. फोन असेल तर अल्ट्रावाइड विसरा, ३एक्स किंवा ५एक्स लावा, पण खरी टेली लेन्स असलेल्या आकड्यावरच, मधले आकडे म्हणजे नुसतं क्रॉप. वाइड ठेवा ती ढगांसाठी आणि हॉर्सशू बेंडसाठी.

ट्रायपॉड हवाच, पण रिमवर वारा जबरदस्त असतो, मधला दांडा वर काढू नका, पाय कमी उंचीवर ठेवा, बॅग खाली लटकवा आणि ती झुलणार नाही इतकी जमिनीला टेकू द्या. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, आणि दोन सेकंदांचा टायमर.

पोलरायझर फिल्टर घ्या, धुरकटपणा कापायला फार उपयोगी आहे, पण तो सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेलाच जोरात काम करतो, त्यामुळे वाइड लेन्सवर लावला की आकाशात एका जागी गडद निळा डाग पडतो जो नंतर काढता येत नाही. टेलीवर बिनधास्त लावा, वाइडवर काढून ठेवा. एक ब्लोअर, दोन मायक्रोफायबर कापडं, हेडलँप, पाणी. ड्रोन घरी ठेवा, नॅशनल पार्कमधे बंदी आहे आणि नावाहो प्रदेशातही.

संध्याकाळचे दोन तास कसे काढायचे

इथे घाई करायची नाही म्हणून मी पण सावकाश लिहितो.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी जागेवर पोचा. तेव्हा लगेच काढायला फारसं काही नसतं, पण फ्रेम शोधायच्या असतात. कॅमेरा न काढता नुसतं बघा की उन्हात चमकणारे सुळके कोणते आहेत आणि त्यांच्या मागे सावलीची भिंत कुठे आहे. उजळ गोष्टीमागे गडद, गडद गोष्टीमागे उजळ, अशी जोडी जिथे सापडेल तिथे टेली रोखा. तीन-चार फ्रेम मनात पक्क्या झाल्या की बास.

सूर्यास्ताच्या तासभर ते वीस मिनिटं आधी, हा खरा दरीतला उजेड. सावली खालून वर चढायला लागते, आधी तळ बुडतो, मग मधल्या पायऱ्या, आणि वरच्या टोकांवर ऊन टिकून राहतं. दर पाच मिनिटांनी तीच फ्रेम परत काढा. कंटाळा येईल, पण घरी गेल्यावर कळतं की एका फोटोत सुळका नुसता पिवळा होता आणि दोन फोटो पुढे त्याच्या मागची भिंत सावलीत गेली आणि तो एकदम सुटून पुढे आला. हा क्षण आधी सांगता येत नाही, म्हणून सिरीज काढायची.

शेवटच्या दहा मिनिटांत सगळे सूर्याकडे वळतात. तुम्ही पूर्वेकडे वळा. सूर्याकडे बघून काढलेल्या फोटोत दरी काळी होते आणि गोळा पांढरा, आणि पूर्वेकडच्या कड्यांवर तेव्हाच सगळ्यात लाल उजेड असतो. सूर्यकिरणांचा तारा हवा असेल तर गोळा क्षितिजाला अर्धा टेकलेला असताना एफ १६ वर (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते बारीक) एक-दोन फोटो घ्या आणि परत पूर्वेकडे.

सूर्य बुडाला. टाळ्या वाजतात, खरंच वाजवतात लोक, आणि पाच मिनिटांत पॉइंट रिकामा. आता थर्मासमधला चहा काढा आणि थांबा. पूर्वेला क्षितिजाशी एक निळसर करडा पट्टा वर येताना दिसेल, ती पृथ्वीची स्वतःची सावली आहे, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. त्याच वेळी पश्चिमेचं अख्खं आकाश मोठ्या दिव्यासारखं दरीवर मऊ उजेड टाकत असतं, कुठेही कडक सावली नाही, कड्यांच्या आतले सगळे रंग दिसतात. सूर्यास्तानंतर दहा ते पंचवीस मिनिटं हा प्रकार चालतो, डोळ्याला अंधारल्यासारखं वाटतं पण सेन्सर दोन, पाच, दहा सेकंद उघडा ठेवला की त्याला मस्त दिसतं. माझ्या मते कॅनियनचा सगळ्यात चांगला फोटो इथेच आहे, आणि या वेळी पॉइंटवर कोणी नसतं.

सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने होतं, आधी मऊ उजेड, मग टोकं पेटतात, मग ऊन हळूहळू खाली उतरतं, म्हणून सूर्योदयाच्या चाळीस मिनिटं आधी पोचायचं. आणि उगवल्यावर लगेच नाश्त्याला पळायचं नाही, तळापर्यंत ऊन पोचायला बराच वेळ लागतो, तोवर सावल्यांचा खेळ चालूच असतो.

एक गोष्ट कळकळीने. बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना एक पाऊलसुद्धा मागेपुढे टाकायचं नाही, आधी डोळा काढा, मग पाय हलवा. अंधारात तर अजिबात नाही.

एक्स्पोजर

रॉमधे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, हे सांगायला नको. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ८ ते ११, त्याच्या पुढे गेलात की शार्पनेस उलट कमी होतो.

कॅनियनमधे पहिलं फुटतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं, ते आकाश असं आपण धरून चालतो, पण वरून थोड्या खाली एक फिकट, जवळजवळ पांढरा पट्टा सगळीकडे दिसतो, तो कोकोनीनो सँडस्टोन. उन्हात तो आकाशाइतकाच लवकर जळतो. म्हणून कॅमेऱ्यात साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) नाही तर तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, कारण संध्याकाळच्या लाल दगडात आधी लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला टेकतो आणि साधा हिस्टोग्राम म्हणत असतो सगळं ठीक आहे. लाल टेकत असेल तर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सावलीचा भाग फारच काळा जात असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग करा, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त उजेडात काढा. ग्रॅड फिल्टर (वरून गडद, खाली पारदर्शक काच) इथे मला आवडत नाही, क्षितिज सरळ असलं तरी मधे घुसलेले सुळके वरून काळे पडतात. फोनवाल्यांनी उजळ भागावर बोट दाबून लॉक करायचं आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं, एवढं पुरतं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ऑटोचं कामच आहे रंगाची झाक पुसणं, आणि आपण पहाटे उठलो ते त्या झाकेसाठीच. डेलाइट लावा, ५५०० केल्विनच्या आसपास, आणि तिथेच राहू द्या. सावल्या निळ्या दिसतील, त्या निळ्याच असतात, कारण सावलीत फक्त आकाशाचा उजेड पडतो. उन्हातला लाल आणि सावलीतला निळा या दोघांमुळेच खोली दिसते.

जाता जाता, मधल्या उंचीवर सलग उभा लाल कडा दिसतो, १५० ते २४० मीटर उंच, तो रेडवॉल. मुळात तो करडा चुनखडक आहे, वरच्या थरांतला लोखंडाचा गंज पावसाबरोबर ओघळून त्याच्यावर लाल लेप बसलाय. पाऊस पडून गेल्यावर ओल्या दगडाचा रंग अजून गडद होतो, म्हणून पावसानंतर पंधरा मिनिटांत बाहेर पडा.

आकाश

ढग नुसते सजावटीचे नाहीत, ते सावली टाकतात. भर दुपारी पण विखुरलेले ढग असतील तर दरीत सावल्यांचे तुकडे सरकत राहतात, एक सुळका उजळतो, शेजारचा विझतो. अशा वेळी ट्रायपॉड लावून एकाच फ्रेमवर अर्धा तास बसलात तरी फुकट जात नाही. दुपारी फोटो काढायचेच असतील तर असल्या दिवशीच.

मॉन्सूनमधे लांबवर ढगातून पावसाचे पडदे लोंबताना दिसतात आणि जमिनीला टेकायच्या आतच कोरड्या हवेत विरून जातात. त्यांच्या मागे सूर्य आला की पडदा सोनेरी पेटतो. हा टेलीचा विषय. सूर्य पाठीमागे आणि पाऊस समोर असेल तर इंद्रधनुष्य शोधा, आणि रिमवर उभं असल्यामुळे ते आपल्या पायाखाली दरीत पण उतरलेलं दिसू शकतं.

वीज. संध्याकाळी उजेड कमी झाला की आयएसओ १००, एफ ८, दहा ते वीस सेकंदांचे फोटो लागोपाठ चालू ठेवायचे, एखाद्यात सापडतेच. दिवसा मात्र वीज चमकली की आपोआप शटर दाबणारा लाइटनिंग ट्रिगर लागतो. पण दरी सरासरी १६ किलोमीटर रुंद आहे आणि वादळ पलीकडच्या रिमवर आहे म्हणजे आपण सेफ असं समजू नका, वीज ढगापासून तेवढ्या अंतरावर पण पडू शकते, आणि कड्यावर धातूचा ट्रायपॉड घेऊन आपणच सगळ्यात उंच उभे असतो. चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला की सरळ गाडीत किंवा इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. काचा बंद करून गाडीतून काढा, फोटो जरा कमी चांगला येईल, चालतंय.

हिवाळ्यात, बर्फ किंवा पाऊस पडून गेल्यावर थंड हवा दरीत अडकली तर कधी कधी अख्खं कॅनियन ढगांनी काठोकाठ भरतं. हे नशिबाचं काम आहे, प्लॅन करता येत नाही, पण तुम्ही तिथे असताना झालं तर बाकी सगळं सोडून रिमवर या. साउथ रिमवर हिवाळ्यात सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे समोरच्या धुक्यावर आपली सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडं दिसू शकतं, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो तेच.

पेजची अरुंद घळ

अँटिलोप कॅनियन नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, गाइडशिवाय आत जाता येत नाही, बुकिंग बरंच आधी करावं लागतं. पूर्वी फोटोग्राफरांच्या वेगळ्या टूर होत्या, त्या बंद झाल्यात, आता ट्रायपॉड चालत नाही, बॅगही नेऊ देत नाहीत. म्हणजे कॅमेरा गळ्यात, एकच लेन्स, १६-३५ सारखी, आणि आत ती बदलायची नाही कारण वरून सतत बारीक वाळू झरत असते.

अँटिलोपचे दोन भाग आहेत, अप्पर आणि लोअर. अप्पर भाग वरून अरुंद आणि खाली रुंद आहे, म्हणून उन्हाचे खांब उतरतात ते तिथे, साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि भर दुपारी. लोअर उलट, वर रुंद, खाली निमुळता, शिड्या आहेत, आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर अप्परच बरा. खांब नको असतील आणि रंग हवे असतील तर लोअर स्वस्त आणि मस्त.

इथला रंग थेट उन्हातून येतच नाही. वरच्या भिंतीवर ऊन पडतं, तिथून उजेड समोरच्या भिंतीवर उडतो, तिथून परत खाली, आणि दर उडीला लाल दगड त्याच्यातला निळा-हिरवा खाऊन टाकतो. म्हणून वर पिवळा, मधे केशरी, खाली लाल, आणि जिथे फक्त आकाशाचा थोडा उजेड मिसळतो तिथे जांभळा. आपल्या भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत पण अशीच अरुंद घळ आहे पण तिथे हा प्रकार होत नाही, कारण काळा बेसॉल्ट उजेड पिऊन टाकतो. तरी अरुंद जागेत फ्रेम शोधायची प्रॅक्टिस करायला सांदण उत्तम, पावसाळा सोडून.

मग फ्रेम कशी करायची, तर आकाशाचा तुकडा आणि थेट ऊन पडलेली भिंत दोन्ही बाहेर ठेवायचं. ते आत आलं की बाकी सगळं काळं. कॅमेरा वर तिरका धरा, गर्दीची डोकी पण कटतात. आयएसओ १६००, एफ ५.६, शटर १/६० च्या आसपास, श्वास सोडून भिंतीला कोपर न टेकता. खांब हवा असेल आणि गाइडने वाळू उडवली, तर ती वर धुरासारखी तरंगायला लागली की मग काढा, उडवताना नाही.

आणि पाऊस. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमधे अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले, पाऊस झाला होता तो वरच्या बाजूला कित्येक किलोमीटर लांब. गाइड टूर रद्द करतोय म्हणाला तर वाद घालायचा नाही.

हॉर्सशू बेंडबद्दल थोडक्यात. एक किलोमीटरच्या आसपास चाल, खाली ३०० मीटरवर नदी, लेन्स १४ ते २० मिलिमीटर. सकाळी लवकर नदीवर सावली असते, सूर्यास्ताला सूर्य समोर येतो, दोन्ही वेळांना ब्रॅकेटिंग लागेल. फोनमधे अल्ट्रावाइड लागणारी ही एकच जागा.

युटात ब्राइस कॅनियनला किंवा कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमधल्या मेसा आर्चला गेलात तर तिथे पण अँटिलोपसारखाच उडालेला उजेड शोधा. मेसा आर्चची कमान सूर्योदयाला खालून केशरी पेटते ती खालच्या कड्यावरून उडून आलेल्या उन्हानेच. वाळवंटात पायवाट सोडून काळपट, खडबडीत मातीवर पाय देऊ नका, ती जिवंत असते, एका पावलाचा ठसा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

रात्र

ग्रँड कॅनियनला २०१९ मधे इंटरनॅशनल डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, त्यामुळे तारे भरपूर. पण आकाशगंगेचा जाड, चमकदार भाग दक्षिणेला असतो आणि साउथ रिमवरून दरी उत्तरेला, म्हणजे दोन्ही एका फ्रेममधे नीट बसत नाहीत. त्याच्यासाठी नॉर्थ रिम. साउथ रिमवर ध्रुवतारा दरीच्या बरोबर वर, क्षितिजापासून ३६ अंशांवर असतो, त्याच्याभोवती ताऱ्यांच्या गोल रेघा काढा, त्या भारी येतात. त्यात दरी नुसती काळी नको असेल तर शुद्ध अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र असलेली संध्याकाळ निवडा, चंद्र पाठीमागून दरी उजळतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. नुसते तारे टिपकेच हवे असतील तर २० मिलिमीटर, एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंद.

घरी आल्यावर

सॅच्युरेशनला हात लावायची खाज सगळ्यांनाच असते. दगड आधीच लाल आहे, अजून वाढवलं की टोमॅटो सॉस होतो आणि दगडातले बारीक थर त्या लालीत बुडून जातात. त्याऐवजी उजळ भाग थोडे खाली, डीहेझ (धुरकटपणा कमी करणारं सेटिंग) अगदी जरासं आणि तेही लांबच्या रांगांवर नको, कारण त्यांचा निळसर धुरकटपणा गेला की अंतर पण जातं. सावल्या पूर्ण उघडू नका, काही ठिकाणी काळं राहू दे. क्षितिज तपासा, कॅनियनच्या तिरक्या थरांमुळे डोळा फसतो, नॉर्थ रिमची सपाट रेघ धरून सरळ करा.

आणि फॅमिली ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो इतका दाबतं की सूर्यास्तानंतरच्या त्या गुलाबी-निळ्या आकाशाला आडवे पट्टे पडतात आणि काका विचारतात स्क्रीनला काय झालंय.